दुजियांगयान : धरण नाही, मग पाणी वळतं कसं?

चीनच्या सिचुआन प्रांतात दुजियांगयान ही प्राचीन सिंचन योजना आहे. तिला धरणच नाही, तर पाणी शेतात जातं कसं, असा प्रश्न अनेकांना पडतो. सगळी करामत नदीच्या तळाची आहे.

इ.स.पू. २५६ च्या सुमारास छिन राज्याचा सुभेदार ली बिंग याने मिन नदीत माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध घालून तिचे दोन फाटे केले. आतला अरुंद पण खोल, बाहेरचा रुंद पण उथळ. पाणी कमी असलं की साधारण ६० टक्के आतल्या फाट्यात, म्हणजे शेतीकडे जातं. पुरात प्रमाण आपोआप उलटतं. पुढे डोंगर फोडून चेंगडूच्या मैदानाकडे वाट काढली. सुरुंगाची दारू तेव्हा नव्हती, म्हणून खडक जाळ करून तापवायचा आणि पाणी ओतून तडकवायचा, असं सांगतात.

मला जास्त भावते ती देखभाल. बांबूच्या लांबलचक करंड्यांत गोटे भरून बांध रचायचे. हिवाळ्यात लाकडी तिकाटण्यांनी एकेक फाटा अडवून गाळ उपसायचा. किती खोल? तळाशी पुरलेल्या लोखंडी पहारी दिसेपर्यंत! कमी उपसलं तर शेती तहानणार, जास्त उपसलं तर पूर आत शिरणार. म्हणून तिथला दंडकच आहे : गाळ खोल उपसा, सांडवा (जादा पाणी ज्यावरून बाहेर पडतं तो बांध) बुटका ठेवा.

मात्र हे सगळं 'जसंच्या तसं टिकलंय' असं म्हटलं जातं, ते पटत नाही. आजचा बांध काँक्रीटचा आहे आणि बाहेरच्या फाट्यावर १९७० च्या दशकात दरवाजेही बसवलेत. आराखडा तेवढा जुना.