कमी वजनाची मुलगी, माहेरची बाळंतीण आणि गुटी-धुरीचा आग्रह

प्रश्न

आमची मुलगी पूर्ण दिवसांची असली, तरी जन्मतः तिचे वजन २ किलो १०० ग्रॅमच भरले. पाचव्या दिवशी ते २ किलो झाले. पत्नी अकोले तालुक्यात माहेरी आहे आणि मी नोकरीमुळे पुण्यात असतो. पत्नीच्या आजी मायेने सर्व करतात. मात्र रोज अंघोळ, ओवा-वावडिंगाची धुरी आणि मधातली गुटी यांविषयी त्यांचा आग्रह आहे. त्यांना न दुखावता काय थांबवावे आणि मी स्वतः काय करावे?

उत्तर : परिचारिका, नवजात शिशू कक्ष

पहिल्या काही दिवसांत जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते, त्यामुळे १०० ग्रॅम कमी झाल्याने घाबरू नका. साधारण दोन आठवड्यांत वजन पुन्हा जन्माइतके व्हायला हवे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या अंगात चरबी थोडी असल्याने ते लवकर गार पडते, म्हणजेच आजींची उबेची काळजी अगदी रास्त आहे. फक्त शेगडीचा धूर बाळाच्या श्वासाला बाधतो. त्याऐवजी टोपी, मोजे आणि लंगोट एवढेच घालून बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभे धरावे आणि वरून पांघरूण घ्यावे. हे जितके जास्त वेळ होईल तितके चांगले, आणि आई दमली असता वडील किंवा आजीही बाळाला असेच धरू शकतात. अंघोळ वजन वाढेपर्यंत लांबवून कोमट पाण्याने अंग पुसावे.

मध वर्षभर मुळीच देऊ नये, कारण त्यातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड सहाणेवर उगाळताना सहाण आणि पाणी दोन्ही निर्जंतुक नसतात. शिवाय गुटीने पोट भरले की बाळ तेवढे दूध कमी ओढते. सहा महिने केवळ आईचे दूध, तेही रात्री धरून दर दोन-तीन तासांनी, बाळ झोपले असल्यास उठवून पाजावे.

उत्तर : दोन मुलांची आई, नागपूर

आजींना नुसते ‘हे करू नका’ म्हटले, तर त्यांना आपली घरात गरज उरली नाही असे वाटेल. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि बाळंतिणीची झोप हे त्यांच्याकडेच राहू द्या. आपण सुट्टीला जाल तेव्हा नात त्यांच्या छातीशी द्या आणि ही ऊब शेगडीपेक्षा बरी का, ते परिचारिकेच्या तोंडून त्यांना ऐकवा. जावयाच्या सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

उत्तर : आशा सेविका

रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातो. कमी वजन असल्यास भेटी वाढतात. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या गावांत उभी केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. पत्नी माहेरी असल्याने तिची नोंद तेथील आशाताईंकडे झाली आहे का, हे आजच विचारा. सासर-माहेरच्या मध्ये अशी बाळे यादीतून सुटतात.

बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास होऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. वर्षाच्या आतील आजारी बाळाचे उपचार आणि वाहन शासकीय रुग्णालयात मोफत आहेत.