आईची चक्कर आणि अ‍ॅक्युपंक्चर: कुणी घेतलंय का?

झोपाळेवाला:

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. आई ७१ वर्षांची. दिवाळीनंतर तिला चक्कर सुरू झाली. डोळ्यांपुढे अंधारी येते तशी नव्हे, घरच फिरतं. पहिल्यांदा आली ती वरच्या फळीवरून शेवेचा डबा काढताना. डबा खाली, शेव सगळ्या स्वयंपाकघरात आणि आई ओटा धरून डोळे मिटून उभी. आम्ही हसलो होतो तेव्हा. आता हसू येत नाही.

घरात पणजोबांच्या वेळचा झोपाळा आहे, पितळी कड्यांचा. दुपारी त्यावर बसून भाजी निवडायची ही तिची चाळीस वर्षांची सवय. आता ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. बाबांनी तो खिडकीच्या गजाला बांधून ठेवलाय.

एमआरआय झाला, त्यात 'वयोमानानुसार बदल'. मानेच्या डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) रक्तवाहिनीत थोडा थर दिसला. फिजिशियननी चिठ्ठीवर लिहिलं 'व्हर्टिब्रोबेसिलर इन्सफिशियन्सी' आणि पुढे प्रश्नचिन्ह. आम्हाला सांगितलं, मेंदूच्या मागच्या भागाला रक्त कमी पोचतंय. अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी आणि चक्करेसाठी बीटाहिस्टिन दिवसातून तीनदा. दोन महिने झाले, चक्कर आहे तिथेच. वर मळमळ.

आता शेजारच्या बेन म्हणतात, "मासी, सोयथी मटी जशे", म्हणजे सुईने बरं होईल. त्यांच्या ओळखीतले एक अ‍ॅक्युपंक्चरवाले आहेत. बारा सिटिंग, प्रत्येकी ४०० रुपये, मेंदूचं सर्क्युलेशन वाढवून देतो म्हणाले. आई तयार. बाबांचं म्हणणं, सुयाच टोचून घ्यायच्या तर कोपऱ्यावरचा शिंपी स्वस्तात करेल. कुणाचा स्वतःचा अनुभव असेल तर सांगा. ऐकीव नको.

कमाटीबाग सकाळी ६:

स्वतःचाच आहे, म्हणून लिहितो. लांबेल.

वय ६८, मधुमेह पंधरा वर्षांचा. निदान तुमच्या आईचंच, फक्त पुढे प्रश्नचिन्ह नव्हतं. तपासणीत मागची रक्तवाहिनी अरुंद झालेली स्पष्ट दिसली होती. न्यूरॉलॉजिस्टनी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना भोकं असतात, त्यांतून दोन रोहिण्या वर चढतात आणि कवटीत शिरल्यावर एक होतात. मी म्हटलं, चांदोदला ओरसंग नर्मदेला मिळते तसं. ते म्हणाले, तसंच, आणि पुढे त्या पाण्यावर छोटा मेंदू, मेंदूचा बुंधा, दृष्टीचा मागचा भाग आणि आतला कान एवढी गावं जगतात. पाणी कमी पडलं की चक्कर. मला क्लोपिडोग्रेल सुरू झालं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

तीन महिन्यांनी कंटाळून सुयांकडे गेलो. ते गृहस्थ एमबीबीएस होते, हे आधी विचारून घेतलं होतं. सुई म्हणजे इंजेक्शनची नव्हे. पोकळ नसते, केसाहून जराशी जाड. सीलबंद पाकीट माझ्यासमोर फाडलं की नाही हे मी दर वेळी बघायचो, त्यांना राग आला तरी. एक सुई टाळूवर (बायहुई म्हणतात त्या जागेला). दोन मानेवर, कवटीच्या कडेखाली बोट आपसूक बसतं त्या खळग्यांत. मनगटाच्या आतल्या रेघेपासून तीन बोटं वर, दोन्ही हातांना. आणि गुडघ्याखाली. मनगटाची सुई लागते तेव्हा दुखत नाही, पण आत काहीतरी जड होऊन कोपराकडे सरकत जातं, दाताच्या डॉक्टरनी बधिर केलेला ओठ असतो ना तसं. मग पंखा बंद करून पंचवीस मिनिटं गप पडायचं. बडोद्यात, मे महिन्यात.

मानेच्या सुया ते अगदी उथळ घालायचे, नाकाच्या शेंड्याच्या रोखाने. त्या खळग्याच्या आत मेंदूचा बुंधा आहे, सुई खोल गेली तर खेळ नव्हे. तुमच्या ओळखीतले हे 'वाले' कुठे शिकले हे आधी विचारा. ४०० रुपयांचं नंतर बघू.

गुण? मळमळ गेली, हे छातीठोक सांगतो. ऑपरेशननंतरच्या आणि केमोथेरपीच्या मळमळीवर अ‍ॅक्युपंक्चर चालतं, असं अमेरिकेच्या एनआयएचच्या (तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था) समितीनेही १९९७ साली म्हटलं होतं. मान सैल झाली, झोप लागायला लागली. चक्कर पहिले काही आठवडे कमी वाटली. सुयांमुळे की गोळीमुळे की मी सकाळी फिरायला लागलो त्यामुळे, देव जाणे. सर्क्युलेशन वाढतं म्हणतात ते कुठून आलं तेही सांगतो. चीनमध्ये सुया देण्याआधी आणि नंतर डोक्याला डॉपलर लावून रक्ताचा वेग मोजणारे अभ्यास झालेत, त्यांत वेग सुधारलेला दिसतो. पण अभ्यास छोटे, आणि खोटी सुई लावून तुलना केलेले त्याहून थोडे. वेगाचा आकडा सुधारला म्हणून मेंदूचा झटका टळतो असंही नाही.

आता माझा मूर्खपणा. सातव्या सिटिंगनंतर मनगटावर निळा डाग पडला, रुपयाएवढा. मी मनाशी म्हटलं, रक्त पातळ करणारी गोळी आणि सुया एकत्र बऱ्या नव्हेत. आणि गोळी सोडली. सुया नाही, गोळी! ना न्यूरॉलॉजिस्टला सांगितलं, ना सुयावाल्या डॉक्टरांना, ना बायकोला. अकराव्या दिवशी मुलाबरोबर सेव-उसळ खायला गेलो. ताटलीत एक पाव होता त्याचे दोन दिसायला लागले, शेजारी शेजारी. मुलाला म्हणायला गेलो, "अरे पाव बघ", तर जीभ वळेना. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. मी म्हटलं, चल, उसळ गार होतेय. त्याने ऐकलं नाही, तसाच हॉस्पिटलात घेऊन गेला. टीआयए होता, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडून परत सुरू होणं. मोठ्या झटक्याच्या आधी वाजते ती घंटी.

म्हणून, चक्करेबरोबर दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळताना ठसका, तोंड किंवा हात बधिर, चालताना एका बाजूला झोक, यातलं काहीही झालं तर पुढच्या सिटिंगची वाट बघू नका. थेट १०८. थांबलं तरी जायचंच. आणि आईंची अ‍ॅस्पिरिन कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, स्वतःच्या तर नाहीच.

संशयात्मा:

प्लासिबो, म्हणजे नुसत्या विश्वासाने येणारा गुण. बाराऐवजी सहाच सिटिंग घ्या, निम्मा प्लासिबो निम्म्या पैशात.

पोहे_जिलेबी (इंदूर):

हे सुयांचं आपल्याकडे सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी आणलं ना?

संशयात्मा:

नाही हो. कोटणीस १९३८ च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू नंतर पुन्हा चीनला जाऊन हे शिकले आणि पन्नासच्या दशकाच्या शेवटी भारतात घेऊन आले. माझा सुयांवर विश्वास नाही, इतिहासावर आहे.

फिजिओ_फतेगंज:

झोपाळेवाले, सुयांचं नंतर बघू. आधी आईंना दोन गोष्टी विचारा. चक्कर किती टिकते, सेकंदं की मिनिटं? आणि अंथरुणात कूस बदलताना येते का, तीही ठरावीक एकाच कुशीवर?

वरच्या फळीवरचा डबा वाचला आणि माझा कान टवकारला. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात. वयामुळे ते जागचे सुटून अर्धगोल नळीत शिरले की मान वर केली किंवा कूस बदलली की घर फिरतं, अर्धा-एक मिनिट. यात रक्तपुरवठ्याचा संबंध नाही आणि बीटाहिस्टिनने कण हलत नाहीत. रक्त कमी पडल्याची चक्कर महिनोन् महिने एकटीच येते, सोबत दुसरं काहीच नाही, असं क्वचित. तपासणी दोन मिनिटांची आहे, डिक्स-हॉलपाइक. कण निघाले तर एप्ली करतात, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवून त्यांना परत जागेवर सरकवतात. कान-नाक-घसावाल्यांकडे जा. मात्र मान कडक आहे किंवा डॉपलरमध्ये थर आहे हे आधी सांगा, ते बेताने करतील.

उभं राहिल्यावर बीपी पडतं का तेही बघा. आडवं असताना मोजा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत. वरचा आकडा २० ने घसरला तर गोष्ट वेगळी. आणि कुणाकडूनही मान कडाकडा मोडून घेऊ नका, त्या झटक्याने रोहिणीचं आतलं अस्तर फाटू शकतं. सुया त्या मानाने बऱ्या.

झोपाळेवाला:

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

त्या रात्रीच आईला विचारलं, कूस बदलताना येते का. म्हणाली, "उजवीकडे वळलं की फिरतं, म्हणून मी वळतच नाही. दिवाळीपासून डावीकडेच झोपते." चार महिने! तीन डॉक्टर झाले, कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही, घरात राहून.

कान-नाक-घसावाल्यांनी तिला टेबलावर आडवं करून डोकं उजवीकडे वळवून कडेखाली नेलं. मला म्हणाले, डोळे बघा. दोन-तीन सेकंद काही नाही, आणि मग बुबुळं टकटक उडायला लागली, कुणी आतून दोरी ओढतंय अशी. माझा हात धरून ती ओरडली. मी मोजत होतो, अठरा सेकंदांत थांबलं. लगेच एप्ली, पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा. आता कूस बदलता येते. बीपी आडवं १३६, उभं १३०, म्हणजे ते नाही. डॉपलरमधला थर मात्र खरा आहे, त्यामुळे अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू राहणार. प्रश्नचिन्ह फिजिशियननी खोडलं नाही, कंसात टाकलं.

आणि हो, सुयाही चालू आहेत. त्या 'वाल्यां'कडे नाही, शोधून एका एमबीबीएसकडे. अ‍ॅस्पिरिनचं आधी सांगितलं, त्यांनी मानेला हात न लावता मनगट आणि गुडघ्यावरच भागवलं. मळमळ उरली होती ती गेली. मी म्हटलं, आता कशाला जातेस? तर म्हणते, त्या पंचवीस मिनिटांत मला कुणी हाक मारत नाही.

बाबांनी झोपाळ्याची दोरी सोडली परवा. बसते, पण पाय जमिनीला टेकवून. शेवेचा डबा खालच्या फळीवर आलाय. काका, तुमची गोळी चालू आहे ना?

कमाटीबाग सकाळी ६:

चालू. मुलगा रोज रात्री ९ वाजता येऊन पाकीट मोजतो.