एक्स्ट्रॅक्टच्या बिअरला जिलेटिन कशाला?

तळघरवाला (मिशिगन): परवा इथे एकाने लिहिलं की एक्स्ट्रॅक्टवाल्यांनी (म्हणजे माल्टच्या तयार, आटवलेल्या अर्कापासून घरी बिअर करणाऱ्यांनी) बिअर नितळ करायला जिलेटिन टाकल्याशिवाय ती पाहुण्यांपुढे ठेवूच नये, गढूळ ग्लास म्हणजे निव्वळ आळस. वाचून डोकंच फिरलं. अहो, एक्स्ट्रॅक्ट कारखान्यातच उकळून आटवलेलं असतं, बरंचसं प्रोटीन तिथेच खाली बसतं. फ्रीजमध्ये जो धूसरपणा येतो तो प्रोटीन आणि पॉलिफिनॉल थंडीत एकमेकांना चिकटल्यामुळे, ग्लास जरा कोमट झाला की जातो, चवीला काही होत नाही. माझी ५ गॅलनची पेल एल (फिकट रंगाची बिअर) २ अंशावर दहा दिवस ठेवली, तळाला बोटभर साका बसला, वरून ओतली तर ग्लासच्या पलीकडचा पेपर वाचता येत होता.

जर्सीकर: तो मीच. दहा दिवस फ्रीज अडवायला तुमच्याकडे तळघर आहे, आमच्या अपार्टमेंटमध्ये एकच फ्रीज, त्यातच दही, कोथिंबीर आणि पोरांचं दूध. अर्धा चमचा जिलेटिन कपभर पाण्यात ६५ अंशांपर्यंत गरम करायचं, उकळायचं नाही, थंड बिअरमध्ये ओतायचं, ४८ तासांत काम फत्ते. आणि वरून स्पेशल्टी ग्रेन (रंग-चवीसाठीचं खास धान्य) भिजवता, ड्राय हॉप करता (नंतर बिअरमध्ये हॉपची फुलं टाकता), त्याचं प्रोटीन न् पॉलिफिनॉल कारखान्यात कसं बसेल?

शाकाहारी_मी: जिलेटिन सहसा डुकराचं नाहीतर गायीचं असतं हे कोणी बोलणार आहे का? मी जन्मात मांस खाल्लं नाही. गणपतीत एका मित्राकडे दोन ग्लास प्यायले आणि आठवड्याने तो सहज बोलता बोलता म्हणाला की जिलेटिन घातलेलं. रात्रभर झोप नाही लागली मला.

जर्सीकर: ताई, ते तळाशी बसतं, ग्लासात येतच नाही जवळजवळ.

शाकाहारी_मी: जवळजवळ?? हे तुम्ही ठरवणार का मी?

सातपाटीचा: जिलेटिनचं काय घेऊन बसलात, बिअर साफ करायचं आयसिंग्लास तर माशाचंच. आमच्याकडे घोळ मासळी मिळाली की आजोबा आधी बोत (पोटातली हवेची पिशवी) काढायचे, धुवून, ताणून उन्हात वाळवायचे, हात लावला की ओरडायचे. मासळीपेक्षा बोतालाच भाव. व्यापारी सांगायचे परदेशात दारू साफ करायला जातं. गिनेस या आयरिश बिअरवाल्यांनीसुद्धा आयसिंग्लास सोडायचं २०१५ ला जाहीर केलं, तोवर माशाचंच चालू होतं.

शाकाहारी_मी: म्हणजे २०१२ ला लंडनला प्यायलेली गिनेस पण?

सातपाटीचा: हो ताई. वाईट वाटलं, पण खरं तेच सांगतो.

तळघरवाला: म्हणूनच म्हणतो, टाकायचंच तर आयरिश मॉस टाका, शेवाळ आहे, उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत चमचाभर. एक्स्ट्रॅक्टला फार फरक पडत नाही, पण ग्रेन भिजवलं असेल तर थोडा पडतो, तेवढा मुद्दा जर्सीकरांचा मान्य.

जर्सीकर: तेवढा तरी मानलात. जिलेटिन मी सोडणार नाही. बाटलीवर चिठ्ठी मात्र आजपासून लावतो, ताईंचं ते झोपेचं वाचून राहवलं नाही.

शाकाहारी_मी: चिठ्ठी मराठीत लावा, आईपण येते आमच्याकडच्या पार्ट्यांना.