मदत हवी आहे: मेक्सिकोची तीन जुनी चांदीची नाणी ओळखायची आहेत

निवडुंग

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सध्या मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला राहतो. इथे दर रविवारी एल बारातियो नावाचा जुन्यापान्या वस्तूंचा भलामोठा बाजार भरतो. तिथून घेतलेली तीन नाणी समोर ठेवून हे लिहिते आहे. माझ्याकडे डिजिटल वजनकाटा, भिंग आणि व्हर्नियर कॅलिपर आहे. स्पॅनिश कामापुरतं वाचता येतं. विक्रेत्याच्या शब्दावर न जाता नाण्याकडूनच माहिती काढून घ्यायला शिकायचं आहे, म्हणून तपशील जमेल तितका सविस्तर देते.

पहिलं नाणं. वजन 26.9 ग्रॅम, व्यास 39 मिलिमीटर. एका बाजूला निवडुंगावर बसलेला गरुड, चोचीत साप आणि वर गोलाकार 'रेपुब्लिका मेहिकाना'. दुसऱ्या बाजूला टोपी, तिच्यावर 'लिबेर्ताद' ही अक्षरं आणि चहूबाजूंनी सुटलेले किरण. खाली एका ओळीत गोलाकार असं लिहिलंय: 8 आर, मग झेडएस, 1879, जे. एस., आणि शेवटी 10 डीएस 20 जीएस. यातलं मला लागलेलं एवढंच, की 8 आर म्हणजे 8 रेआल आणि झेडएस ही साकातेकासच्या टांकसाळीची खूण. तिथे 1546 साली चांदी सापडली आणि त्या चांदीवरच ते गाव उभं राहिलं. बाकीची अक्षरं काय सांगतात?

याच नाण्याबद्दल आणखी दोन शंका आहेत. मेक्सिकोत 1860 च्या दशकातच पेसो आणि सेंतावो अशी दशमान पद्धत आली होती. मग 1879 च्या नाण्यावर जुने रेआल का? दुसरं म्हणजे टोपीच्या आजूबाजूला आणि गरुडाच्या पंखावर छोटे छोटे ठसे मारलेत. दोन तर सरळ चिनी अक्षरांसारखे दिसतात. यामुळे नाणं खराब झालं असं धरायचं, की हा त्याच्या इतिहासाचा भाग?

दुसरं नाणं दिसायला पहिल्याचं भावंडच आहे. तोच गरुड, तीच टोपी, पण लिहिलंय 'उन पेसो', एमओ (म्हणजे एमच्या डोक्यावर बारीक ओ), 1898, ए. एम., 902.7. वजन 27.1 ग्रॅम. फार चकचकीत आहे, गरुडाच्या छातीवरची पिसंसुद्धा झिजलेली नाहीत. या सालाचं नाणं पुढे कधीतरी पुन्हा पाडलं गेलं असं ऐकलं आहे. माझं कुठलं, हे घरच्या घरी कळेल का?

तिसरं राजाचं आहे. डोक्यावर पानांचा मुकुट घातलेला चेहरा, भोवती 'कारोलस' आणि पुढे तीन उभ्या रेघा, खाली 1796. पाठीमागे मुकुटाखालची ढाल आणि दोन बाजूंना दोन खांब. टांकसाळीची खूण एमओ, पुढे 8 आर आणि एफ. एम. व्यास 39 मिलिमीटर पण वजन फक्त 22.4 ग्रॅम. कड गुळगुळीत आहे आणि भिंगातून पाहिलं तर तिच्यावरून एक बारीक रेघ फिरलेली दिसते. याच नाण्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, पण संशयही याचाच येतो.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

चांदीचा काटा

ताई, वजन आणि कडेचं वर्णन दिलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक नुसते फोटो टाकतात आणि फोटोवरून खरं-खोटं सांगणं कठीण असतं.

आधी तिसऱ्याबद्दल, कारण तिथे उत्तर स्पष्ट आहे. हे नाणं खोटं आहे. तीन रेघा म्हणजे तिसरा कार्लोस, आणि तो 1788 च्या डिसेंबरात वारला. 1796 साली गादीवर चौथा कार्लोस होता आणि मेक्सिकोच्या त्याच्या नाण्यांवर चार उभ्या रेघा असतात. एफ. एम. ही अक्षरं त्या सालाला बरोबर बसतात. म्हणजे साचा करणाऱ्याने कुठल्यातरी अस्सल नाण्यावरून साल आणि खुणा उचलल्या, पण राजा चुकला. अशा जुळणीचे बनावट 8 रेआल जगभर फिरतात, आपल्याकडच्या जुन्या बाजारांतही भरपूर दिसतात.

राजाचं नाव बरोबर असतं तरी उरलेल्या दोन गोष्टींवर ते नापास झालं असतं. 8 रेआलचं ठरलेलं वजन 27.07 ग्रॅम. वापरून झिजलेलं असेल तर 26 आणि काही असं भरतं, पण साडेचार ग्रॅम झीज आणि चेहरा मात्र ठसठशीत, हे जमत नाही. आणि कड. 1772 ते 1821 या काळातल्या राजमुखाच्या 8 रेआलच्या कडेवर एक गोल, एक चौकट, पुन्हा गोल, पुन्हा चौकट अशी नक्षी असते. चांदी कडेने खरवडून काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून ती होती. तुम्हाला दिसलेली रेघ ओतीव नाण्याच्या दोन साच्यांच्या सांध्याची असते. अस्सल नाणं ठोकलेलं असतं, ओतलेलं नसतं.

त्या काळीही खोटी नाणी पाडली जात आणि ती जमवणारे लोक आहेत. पण तुमचं तसं वाटत नाही, त्यावर वापराची झीजच नाही.

खात्री करायची असेल तर पाण्याची परीक्षा करा. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करायचा, मग नाणं दोऱ्याने असं सोडायचं की ते बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागायचं. या कसाच्या चांदीचं उत्तर 10.3 च्या आसपास यायला हवं. लोहचुंबकावर विसंबू नका. लोखंड असेल तरच ते चिकटतं, पितळ चिकटत नाही.

आता पहिल्यावरची अक्षरं. जे. एस. ही त्या टांकसाळीतल्या पारख्यांची आद्याक्षरं. कस कमी निघाला तर जाब त्यांना द्यावा लागे. 10 डीएस 20 जीएस हा खुद्द कस आहे: 10 दिनेरो 20 ग्रानो. शुद्ध चांदी 12 दिनेरोची आणि एका दिनेरोचे 24 ग्रानो. म्हणजे 288 पैकी 260 भाग चांदी. भागाकार करून बघा, 0.9027 येतं. तुमच्या दुसऱ्या नाण्यावरचा 902.7 हा तोच कस, नुसता हजारांत लिहिलेला. किंमत, गाव, साल, जबाबदार माणूस आणि कस, सगळं एका ओळीत छापणारी नाणी मला म्हणूनच फार आवडतात.

जुना ठेवा

रेआल आणि पेसोचं कोडं चिनी ठशांशी बांधलेलं आहे, दोन्हींचं उत्तर एकच.

एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोची चांदी घरी जेवढी वापरली जाई त्याहून कितीतरी जास्त बाहेर जाई, आणि तिचं मोठं गिऱ्हाईक चीन होतं. चिनी व्यापारी मेक्सिकोचं सरकार ओळखत नव्हता, तो हा गरुड आणि ही टोपी ओळखत होता. 1869 साली मेक्सिकोने नव्या दशमान पद्धतीचा पेसो आणला. त्यावर तराजू, तलवार आणि कायद्याची गुंडाळी होती. वजन तेच, कस तोच. तरीही चीनमध्ये तो कमी भावाने घेऊ लागले, कारण चेहरा अनोळखी. 1873 मध्ये तो बंद करावा लागला आणि टांकसाळी पुन्हा टोपी-किरणांच्या 8 रेआलकडे वळल्या. ते थेट 1897 पर्यंत चाललं. म्हणून देशात दशमान पद्धत असूनही तुमच्या 1879 च्या नाण्यावर रेआल आहेत. 1898 ला 'उन पेसो' आला तेव्हा फक्त शब्द आणि कसाची लिखावट बदलली, चित्राला कुणी हात लावला नाही.

ठसे मारायचे ते तिथले सराफ आणि व्यापारी. नाणं तपासलं, चांदी चोख निघाली, की आपली खूण ठोकायची. हातोहात फिरून काही नाण्यांवर इतके ठसे पडले की मूळ चित्र दिसेनासं झालं. चेहरा स्वच्छ हवा असणाऱ्या संग्राहकाला हे आवडणार नाही, पण ठसेवाली नाणी मुद्दाम शोधणारे लोकही आहेत आणि मी त्यांच्यातला आहे. साकातेकासला पाडलेलं नाणं पॅसिफिक ओलांडून चीनला गेलं आणि परत तुमच्या रविवारच्या बाजारात आलं, याचा पुरावा नाण्यावरच आहे. मात्र हल्ली साध्या नाण्यांवर नवे ठसे मारून विकणारेही आहेत. भिंगातून बघा: जुन्या ठशाच्या कडा नाण्याबरोबर झिजून बोथट झालेल्या असतात आणि खोबणीत जुना मळ घट्ट बसलेला असतो. कडा धारदार आणि आतली चांदी उजळ असेल तर संशय घ्या.

मुंबईचा धागाही इथेच येतो. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि मोबदल्यातली चांदी बऱ्याचदा स्पॅनिश आणि मेक्सिकन डॉलरच्या, म्हणजे अशाच 8 रेआलच्या नाण्यांच्या, रूपात परत येई. फोर्टातल्या टांकसाळीत ती वितळवून तिचे रुपये पाडत. पुढे 1895 पासून इंग्रजांनी आशियातल्या व्यापारासाठी स्वतःचा चांदीचा डॉलर काढला, हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया असलेला. तो मुख्यतः मुंबईतच पाडला गेला, त्रिशुळाच्या मधल्या टोकावर बारीक बी हे अक्षर असतं. मेक्सिकन डॉलरच्याच बाजारात उतरलेलं हे नाणं आहे आणि त्यावरही चिनी ठसे सापडतात. मुंबईला याल तेव्हा तुमच्या साकातेकासच्या शेजारी ठेवायला हे जरूर बघा.

1898 च्या पेसोचं. 1949 साली चीनला चांदीच्या नाण्यांची निकड होती, तेव्हा मेक्सिकोने हेच 1898 चं नाणं 1 कोटीहून जास्त संख्येने पुन्हा पाडलं. अर्ध्या शतकानंतरही तिकडे विश्वास याच चित्रावर होता. काठाने जी मण्यांची माळ आहे तिचे मणी मोजा. मूळ नाण्यावर 139, पुन्हा पाडलेल्यावर 134. फोटो मोठा करून दर दहा मण्यांना खूण करत गेलात तर चुकणार नाही.

निवडुंग

दोघांचेही मनापासून आभार. सांगितलं तसं सगळं केलं.

पाण्याच्या परीक्षेत पहिल्या आणि तिसऱ्या नाण्याने पाणी जवळजवळ सारखंच सारलं, 2.6 ग्रॅम. आकार सारखा म्हणून. पण भागाकार केल्यावर साकातेकासचं 10.3 आलं आणि राजाचं 8.6. म्हणजे पितळेच्या जातीचंच काहीतरी, वरून चांदीचा मुलामा. वाईट वाटलं, पण टाकून देणार नाही. पुढचं राजाचं नाणं घेताना कड कशी नसावी हे दाखवायला ते उपयोगी पडेल.

पेसोचे मणी 134 भरले. म्हणजे 1949 चं. चांदी खरी आहे आणि ते चीनसाठीच पाडलेलं आहे हे कळल्यावर मला ते आणखीच आवडायला लागलं. ठशांच्या कडा बोथट आहेत, खोबणीत काळा मळ आहे.

आता पुढची मदत हवी आहे. राहते त्या गावचं, ग्वादालाहाराच्या टांकसाळीचं एक नाणं घ्यायचं मनात आहे. काय बघून घ्यावं? आणि पहिल्या नाण्यावरचा मळ काढावा का?

चांदीचा काटा

मळ अजिबात काढू नका. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, घरातली चांदीची भांडी ज्या कशाने उजळतात त्यातलं काहीही नाण्याला लावू नका. बारीक ओरखडे पडतात आणि ते कधीच जात नाहीत. नाण्यावर हिरवट चिकट थर दिसला तर तो बहुधा मऊ पीव्हीसीच्या पाकिटामुळे आलेला असतो. तो शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून, न घासता निघतो. खिडक्या उघड्या ठेवून आणि आग दूर ठेवून करा. पाकिटं पीव्हीसी नसलेली घ्या.

ग्वादालाहाराची टांकसाळ स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत 1812 साली सुरू झाली आणि 1895 ला बंद पडली. खूण जीए, म्हणजे मोठा जी आणि त्याला जोडून लहान ए. गुआनाहुआतोची खूण जीओ आहे. झिजलेल्या नाण्यावर ए आणि ओ सारखे दिसतात, त्यामुळे भिंग घेऊनच जा. युद्धकाळातली नाणी घाईघाईत पाडलेली, चेहरा अर्धवट उठलेला अशी असतात आणि त्यांच्या नकलाही होतात. सुरुवात 1870 किंवा 1880 च्या दशकातल्या टोपी-किरणांच्या 8 रेआलने करा. काटा बरोबर न्या, 26.5 ग्रॅमच्या खाली भरलं तर हातचं सोडून पुढच्या गाळ्यावर जा. आणि घ्यायच्या आधी खालची पूर्ण ओळ इथे लिहा. साल आणि पारख्यांची अक्षरं एकमेकांशी जुळतात का, ते आपण मिळून बघू.

निवडुंग

काटा पिशवीत टाकला. या रविवारी जीए शोधते आणि जे मिळेल त्याची ओळ इथेच टाकते.