खाऱ्या पाण्याची ३ फुटी टाकी: मासे किती आणि कोणत्या क्रमाने?

म्हापसा_नवखा

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याच्या टाकीची सवय आहे, खाऱ्याला पहिल्यांदाच हात घालतोय. टाकी ३ × १.५ × १.५ फूट, काच १० मिमी. हँग-ऑन स्किमर (टाकीला टांगायचा, फेसातून घाण काढणारा), ताशी २००० लिटरचा एक वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप), १५ किलो कोरडा दगड, अर्गोनाइट वाळू. पाणी भरून झालंय, सॅलिनिटी (खारटपणा, घनतेच्या मापात) १.०२५.

दुकानदार म्हणतो, बॅक्टेरियाची बाटली ओता आणि सगळे मासे एकदमच न्या, माशाच्या लांबीच्या दर इंचाला ४ लिटर पाणी धरलं तरी जागा उरते. माझी यादी: २ क्लाऊन, १ ब्लू टँग, ४ ब्लू डॅमसेल, १ क्लीनर रॅस, १ मँडरिन. यातले किती चालतील? किती अंतराने सोडायचे? आणि मीठ महाग पडतं, तर मिरामारहून समुद्राचं पाणी आणलं तर चालेल का?

फोंडा_रीफ

आत्ता एकही मासा नको. पाणी नितळ दिसतंय याला काही अर्थ नाही, माशांच्या घाणीतून निघणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

आधी टाकीत खरं पाणी किती ते काढा. बाहेरच्या मापाने तुमची टाकी १९० लिटरची. काचेची जाडी, वरचे रिकामे ५ सेंमी, वाळू आणि दगड वजा केले की १४० लिटरच्या आसपास राहतं. मीठ, औषध, मासे, सगळा हिशेब या १४० वर करायचा.

इंचाचा नियम इथे विसरा. एक तर तो दुकानातल्या पिल्लाच्या लांबीवर लावला जातो, पूर्ण वाढलेल्या माशाच्या नाही. दुसरं म्हणजे खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो. अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो. टेस्ट किटवर तोच आकडा दिसत असला तरी ८.२ पीएचला विषारी अमोनिया ७ पीएचच्या तुलनेत दहापटींहून जास्त असतो. गोड्या टाकीत ०.५ पीपीएम (दशलक्षात भाग) खपून गेला असेल, इथे त्याच आकड्याला मासे कल्ले ताणून पृष्ठभागाशी येतात.

सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया माशांआधीच टाकीत वाढवणं, अशी करा. अमोनियम क्लोराइड लॅब दर्जाचं घ्या, कल्हईवाल्याचा नवसागर नको, त्यात काय मिसळलंय कळत नाही. १४० लिटरला २ पीपीएमसाठी ०.९ ग्रॅम पुरतं. लाईट बंद, वेव्हमेकर सतत चालू. एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट तपासा. अमोनिया ५ पीपीएमच्या वर जाऊ देऊ नका, बॅक्टेरियाची वाढ खुंटते. २ पीपीएमचा डोस दिल्यावर २४ तासांत दोन्ही शून्यावर आले तर टाकी तयार. कोरड्या दगडाला याला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले बॅक्टेरिया हा काळ कमी करू शकतात, पण टाकी तयार आहे याचा पुरावा बाटली नाही, २४ तासांची टेस्ट आहे. शेवटी अर्धं पाणी बदलून नायट्रेट खाली आणा.

आता यादी. ब्लू टँग काढा. तो ३० सेंमीपर्यंत वाढतो, त्याला किमान ६ फुटी टाकी लागते. चार डॅमसेल ३ फुटांत सुखाने राहत नाहीत, जागेसाठी एकमेकांना मारतात आणि बहुधा एकच उरतो. तो मग नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाला कोपऱ्यात दाबतो. क्लीनर रॅस दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो, तुमच्या टाकीत उपाशी मरेल. मँडरिन दिवसभर दगडावरचे कोपेपॉड (बारीक जीव) टिपतो. कोऱ्या दगडावर ते नसतातच. हे दोन मासे विकणंच मला पटत नाही.

१४० लिटरला पाच छोटे मासे, त्यावर नाही. आधी १ फायरफिश आणि १ वॉचमन गोबी, कारण दोघेही भित्रे. तीन-चार आठवड्यांनी २ ऑसेलारिस क्लाऊन. आणखी महिनाभराने १ बायकलर ब्लेनी. बॅक्टेरिया जेवढा अमोनिया मिळतो तेवढेच टिकतात. मासे एकदम दुप्पट केले तर त्यांना वाढायला दिवस लागतात, आणि माशांकडे तेवढे दिवस नसतात. प्रत्येक भर टाकल्यावर आठवडाभर रोज अमोनिया बघा. शून्याच्या वर काहीही दिसलं तर पुढची खरेदी लांबणीवर.

क्लाऊन घेताना टाकीत पैदास केलेले मागा. आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) त्यांच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलेलं आहे. असे क्लाऊन कोरडं खाद्य लगेच खातात.

साष्टी_खारंपाणी

वरच्या पाच माशांशी सहमत. त्यात गोव्याच्या हवेचा मुद्दा जोडतो, कारण इथे मासे एप्रिल-मे मध्ये आणि पावसाळ्यात लाईट गेल्यावर जास्त मरतात.

खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिग्रॅ, समुद्राच्या पाण्यात ६.८. ३० अंशांना तेच ६.२ वर येतं, आणि उष्ण पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो. त्यामुळे जानेवारीत ठीक चाललेली गच्च भरलेली टाकी मेमध्ये कोसळते. मासे किती हे मेच्या हिशेबाने ठरवा.

वेव्हमेकरचं तोंड थोडं वर करा, पृष्ठभाग सतत हलला पाहिजे. काचेचं झाकण काढा, जाळीचं बसवा. फायरफिश उडी मारतो, तेव्हा उघडी टाकीही नको. पाण्यावर तिरका क्लिप फॅन लावला तर २-३ अंश उतरतात. मात्र दिवसाला दोन-तीन लिटर पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. ७ लिटर उडालं तर ३५ पीपीटीचं (हजारात भाग मीठ) पाणी ३७ च्या जवळ जातं. म्हणून उडालेल्या पाण्याची भर रोज घाला, आणि ती बिनमिठाच्या पाण्याची. जूननंतर हवा दमट झाली की फॅनचा उपयोग कमी होतो, तेव्हा त्याच्यावरच विसंबू नका.

घरच्या आरओचं पाणी टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार मोजणारा) मोजून घ्या. त्यात पुष्कळदा चव राखायला कच्चं पाणी मिसळणारा नॉब असतो, त्यामुळे ते शून्य नसतं. आरओडीआय (उरलेले क्षारही काढून टाकलेलं पाणी) वापरा. एसीच्या नळीचं पाणी कुणी सुचवलं तर नको म्हणा. ते तांब्याच्या कॉइलवरून येऊ शकतं आणि कोळंबी-गोगलगायींना तांबं मारक आहे.

लाईट जाते त्यासाठी वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअरपंप ठेवा, एअरस्टोन आधीच टाकीत सोडलेला असू दे. वीज नसताना खाद्य देऊ नका. वीज परत आल्यावर स्किमर उतू जातो, कप तपासा.

कांपाल_लाट

मिरामारच्या पाण्याबद्दल: नको. ते मांडवीचं मुख आहे. पावसाळ्यात तिथली सॅलिनिटी नदीच्या पाण्याने पार खाली येते, सोबत गाळ आणि सांडपाणी. कोरड्या महिन्यांतही किनाऱ्यालगत बोटींचं तेल असतं. १४० लिटरला सुरुवातीला सुमारे ५.२ किलो मीठ लागलं असेल, पण नंतर दर आठवड्याला १४ लिटर बदलायला जेमतेम अर्धा किलो. तेवढ्यासाठी अख्खी टाकी पणाला लावू नका.

आणि ग्रांद बेटाकडून कुणी कोरलचा दगड आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

म्हापसा_नवखा

खूप आभार. यादी बदलली. एवढ्या थोड्या माशांसाठी नव्या माशाला आधी वेगळं ठेवायची क्वारंटाईन टाकी हवीच का? आणि पाकीट दोन तास ठिबकवर (टाकीचं पाणी त्यात थेंबथेंब सोडत) ठेवूनच मासा सोडायचा ना?

फोंडा_रीफ

हवीच. ४० लिटरची साधी टाकी, हीटर, झाकण, लपायला पीव्हीसी पाईपचे तुकडे. वाळू-दगड नको. स्पंज फिल्टरचा स्पंज मुख्य टाकीत सायकल चालू असतानाच टाकून ठेवा, म्हणजे त्यात बॅक्टेरिया बसतील. मासा चार आठवडे तिथेच.

ठिबक दोन तास नको. बाहेरगावाहून आलेल्या बंद पाकिटात अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच पडलेला असल्याने तो फारसा बाधत नाही. पाकीट उघडलं की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. दुकानदाराला आधीच सॅलिनिटी विचारा. पुष्कळदा ती १.०२० च्या आसपास असते. क्वारंटाईनचं पाणी त्याच आकड्याला आणा, बंद पाकीट वीस मिनिटं तरंगवा, मासा जाळीने उचलून सोडा, पाकिटातलं पाणी ओतून टाका. मग रोज ०.००१ ने चढवत १.०२५ वर न्या.

रोज संध्याकाळी टॉर्च बाजूने तिरका धरून बघा. मिठाच्या कणांएवढे सुटे ठिपके म्हणजे व्हाइट स्पॉट हा रोग. अंगावर बारीक पिवळसर पूड, कल्ल्यांची धडधड आणि खाणं बंद म्हणजे वेल्वेट हा रोग. त्यात दोन-तीन दिवसांत मासा जातो, वाट बघू नका. दोन्हींवर कॉपर (तांब्याचं औषध) चालतं, पण फक्त क्वारंटाईनमध्ये आणि कॉपर टेस्ट किट हाताशी ठेवून. मुख्य टाकीत ते दगड-वाळू शोषून घेतात, डोस टिकत नाही आणि पुढे कोळंबी ठेवता येत नाही.

मासा मेलेला दिसला तर आधी बाहेर काढा, दगडामागे असला तरी दगड हलवून. लगेच अमोनिया, सॅलिनिटी, तापमान लिहून घ्या. अमोनिया असेल तर तापमान आणि सॅलिनिटी जुळवलेलं ३० टक्के पाणी बदला, त्या दिवशी खाद्य नको. यासाठी ४० लिटर खारं पाणी झाकलेल्या पिंपात कायम तयार ठेवा. घाईत कालवलेलं मीठ नीट विरघळत नाही.