मदत हवी आहे: आईच्या शुगरसाठी देखरेखीखाली व्यायाम की घरीच?

आई ६१ वर्षांची, टाइप २ मधुमेह, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.२. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या सुरू आहेत. सकाळी नागपुरातल्या अंबाझरीला फिरते, पण मैत्रिणी भेटल्या की चाल मंदावते. डॉक्टरांनी आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि २-३ दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितलेत. घरी व्हिडिओ बघून रबरी पट्ट्याचे व्यायाम सुरू केले. गुडघा दुखला की बंद. मध्यंतरी गोळी घेऊन नाश्त्याआधीच चालायला गेली, तर हात थरथरले, दरदरून घाम, शुगर ६४ पर्यंत उतरली! तेव्हापासून एकटी पाठवायला जीव धजावत नाही. डोळे, पाय, ईसीजी तपासलंय, ठीक आहे. रोजचं फिजिओ परवडणार नाही. सुरुवातीचे दोन-तीन महिने फिजिओथेरपिस्टकडून शिकून पुढे घरी केलं, तर फरक टिकतो का? धरमपेठ-त्रिमूर्तीनगर भागात मधुमेहींना असं शिकवणारं कोणी आहे का?