अंतर कुठून मोजायचं?

वर कुणीतरी म्हटलंय की संरक्षित प्राचीन स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम न करण्याची अट सरळ काढून टाकावी. छे, मग लेण्याच्या तोंडाशी हॉटेलं उभी राहतील. पण एकच फूटपट्टी सगळीकडे लावणं चूक, हे मात्र मान्य. चर्चेत एक गोष्ट सुटली आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार हे १०० मीटर वास्तूच्या भिंतीपासून नव्हे, तर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजतात आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित पट्टा, म्हणजे जिथे परवानगी घेऊनच बांधायचं. किल्ल्यासारख्या ठिकाणी हद्दच एवढी पसरलेली असते की पायथ्याची निम्मी वाडी आत येते.

आमच्या नात्यातलं एक घर असंच अडकलंय. त्या पहिल्या १०० मीटरच्या प्रतिबंधित पट्ट्यात नवीन बांधकाम नाही, जुन्या घराची डागडुजी परवानगीने करता येते. पण घर १६ जून १९९२ पूर्वीचं किंवा नंतर रीतसर मंजुरी घेऊन बांधलेलं हवं. आता कौलं बदलायची तर ग्रामपंचायतीचा जुना नमुना ८ (घरांच्या करआकारणीची नोंद) शोधा, आणि त्या काळची वही वाळवीने खाल्लेली! प्रत्येक स्मारकासाठी वेगळी उपविधी, म्हणजे त्या जागेपुरते बांधकामाचे नियम, करायची तरतूद कायद्यात आहेच. आधी ती तरी झपाट्याने पुरी करा.